पिवळा दिवा काय सांगतो? एबीएसची घरच्या घरी तपासणी

मंडळी, डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नाही. नेहमीचे ब्रेक चालू असतात. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा तेवढी बंद पडलेली असते. कोरड्या रस्त्यावर ते कळतही नाही. पण पावसात, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढची रिक्षा अचानक थांबली, तर चाकं जाम होतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळ घसरत जाते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे ते त्यासाठीच. म्हणून दिव्यावर चिकटपट्टी लावणारे बहाद्दर बघितले की मला धास्ती वाटते.

पिवळ्यासोबत लाल दिवाही पेटला, तर गोष्ट वेगळी. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे, एवढं बघा. ऑइल कमी असेल तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. हँडब्रेक, ऑइल दोन्ही ठीक असूनही दिवे तसेच राहिले, तर गाडी टोच करूनच न्या.

आता नुसता पिवळा. तो कधीपासून लागला हे आधी आठवा. अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर? मग संशय चाकाकडे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून तो वेग मोजतो. दोघांत जेमतेम मिलिमीटरभर फट असते. तिथे चिखल, गंज, लोखंडाचा कीस बसला की एका चाकाचा सिग्नल बिघडतो आणि चारही चाकांचं एबीएस बंद.

स्कॅनर घेताना विचारा, "एबीएस वाचतो का?" स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनच वाचतात. समजा कोड आला सी००३५, म्हणजे बहुधा पुढचं डावं चाक. इथे लोक घाई करतात आणि लगेच नवा सेन्सर आणतात. कोड त्या चाकाचं सर्किट सांगतो, खराब झालेला भाग नव्हे! त्याच स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघा. सोसायटीच्या मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला गाडी हळू, सरळ चालवू द्या. वळताना आकडे वेगळे येणारच. तीन आकडे १५ आणि चौथा शून्य किंवा नाचतोय, तर चोर सापडला.

मग सपाट जागी गाडी उभी करा, जॅकने उचलून गाडीखाली स्टँड लावा, बाकीच्या चाकांना अडण्या द्या. सेन्सरची वायर हाताने चाचपा. आपल्या पार्किंगमधले उंदीर वायरचे फार शौकीन! (हशा) कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का पाहा, सेन्सरचं टोक फडक्याने पुसा, कडं तुटलंय का ते बघा.

श्रोत्यांतून प्रश्न आला, मल्टिमीटरने सेन्सर तपासता येतो का? जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरचा रोध मोजता येतो. नव्या गाड्यांत आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. तिथे ओहम मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसा. काही गाड्यांत दिवा जागेवर विझत नाही. थोडं अंतर चालवल्यावर, चारही चाकांचे वेग जुळले की जातो. चाकं ठीक आणि कोड पंपाचा किंवा मॉड्यूलचा असेल, तर घरचं काम तिथे संपलं. तो कोड कागदावर लिहून गॅरेजला न्या.