पडद्यावरचा आकडा आणि मूळ तक्ता

संस्थेच्या वार्षिक सभेत पडद्यावर दिसणारा आकडा सभासद सहसा खरा मानतात. म्हणूनच एक्सेलमधील हिशेब पॉवरपॉइंटमध्ये कसा आणावा, हे खजिनदारांनी नीट समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

तक्त्याचा भाग कॉपी करून साधे 'पेस्ट' केले, तर त्या क्षणीचे आकडे स्लाइडवर येतात व पुढे बदलत नाहीत. 'पेस्ट स्पेशल'मधील 'पेस्ट लिंक' निवडल्यास मात्र मूळ फाइलीचा पत्ता आणि आकड्यांचे अखेरचे चित्र साठवले जाते. खरी मेख येथेच आहे. मूळ फाइल घरच्या संगणकावर ठेवून केवळ सादरीकरण पेन ड्राइव्हवर सभागृहात नेले, तर दुवा तुटतो. पडद्यावर जुनेच चित्र निर्धास्तपणे झळकत राहते! सादरीकरण उघडताना 'अपडेट लिंक्स' अशी विचारणा होते, ती घाईत टाळू नये. पत्ता बदलला असल्यास 'फाइल', 'इन्फो' व 'एडिट लिंक्स टू फाइल्स' या मार्गाने तो दुरुस्त करता येतो. गूगल स्लाइड्समध्येही 'अपडेट' बटण दाबावेच लागते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दुवा न जोडता तक्ता 'एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट' म्हणून डकवला, तर दिसणाऱ्या चार ओळींबरोबर संपूर्ण वर्कबुक स्लाइडमध्ये शिरते. देणगीदारांची नावे, सेवकवर्गाचे वेतन, सारेच! स्लाइडवर दोनदा क्लिक करताच ती पाने उघडतात. सादरीकरण इतरांना पाठवायचे असल्यास तक्ता चित्र म्हणूनच डकवावा.