घरचं कॉकटेल: समजुती आणि वस्तुस्थिती

नवं कॉकटेल रचायचं म्हणजे घरात असतील तेवढ्या बाटल्या उघडायच्या आणि काहीतरी अद्भुत जुळून येईल याची वाट पाहायची, अशी समजूत फार पक्की आहे. मग एकाच ग्लासात व्हिस्की, डब्यातला संत्र्याचा रस, गुलाबाचं सरबत आणि उरलेला सोडा जमतात, दुसऱ्या घोटाला ग्लास बाजूला सरकतो आणि हे काम बारवाल्यांनीच करावं असा निकाल लागतो. खरं तर नावाजलेल्या कितीतरी कॉकटेल्समध्ये एकमेकांपासून फक्त एका घटकाचा फरक आहे. नेग्रोनीत जिन, काम्पारी आणि गोड व्हर्मुथ समसमान असतात. जिनच्या जागी बर्बन आली की ते बूलेव्हार्दिए होतं, आणि ते १९२७ साली हॅरी मॅकेल्होन यांच्या पुस्तकात छापलेलं आहे. साइडकारमध्ये ब्रँडी, संत्र्याच्या सालीचं लिक्युअर आणि लिंबू असतं. ब्रँडी काढून टकीला घाला, तुम्ही मार्गारिटाच्या दारात उभे आहात. नवं काही करायचं असेल तर ओळखीचा आराखडा घ्यावा आणि त्यातली एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की बिघडलं कशानं हे कळायचा मार्ग उरत नाही.

घरासाठी सर्वांत सोयीचा आराखडा म्हणजे दारू, आंबट आणि गोड. रम, लिंबू आणि साखर एवढ्यावर डायकिरी उभी आहे. त्यामुळे पंधरा बाटल्यांचं कपाट हवं ही समजूतही इथेच गळून पडते. प्रमाण साधारण दोन भाग दारू, एक भाग आंबट आणि एक भाग साखरेचा पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी समान वजनाचं, विरघळवून गार केलेलं. हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. डेव्हिड एम्बरी या अमेरिकी वकिलाने १९४८ साली आपल्या पुस्तकात आठ भाग दारू, दोन भाग आंबट आणि एक भाग गोड असं सांगितलं होतं. आजच्या जिभेला ते फार कडक वाटेल. मात्र कुठलंही प्रमाण धरलं तरी ते मोजूनच धरायला हवं. ‘अंदाजपंचे ओतण्यातच खरी कला’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. इथे पाच मिलीलिटर लिंबाने चव इकडची तिकडे होते आणि अंदाजाने जमलेलं पेय पुन्हा करता येत नाही. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण असलं तरी चालतं.

सगळ्यांत चिवट गैरसमज बर्फाचा. जास्त बर्फ घातला की पेय पाणचट होतं, म्हणून दोनच खडे टाकायचे, ही आपल्याकडची रीत आहे. आता पाहा: एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालातून सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय गार होतं ते मुख्यतः या वितळण्यामुळेच, म्हणजे गारवा हवा असेल तर थोडं पाणी मिसळणारच. दोन खडे असले तर ते पूर्ण वितळून जातात आणि तरीही पेय पुरेसं गार होत नाही. हाती येतं ते कोमट आणि पातळ. भरपूर बर्फ असला की पेय झटकन शून्याच्या खाली जातं (अल्कोहोलमुळे ते गोठत नाही) आणि मग वितळण्याचा वेग मंदावतो. बारा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की मूळ मिश्रणाच्या पाव भागाहून जास्त पाणी त्यात उतरतं. हे पाणी दोष नाही, तो कॉकटेलचा घटक आहे. त्याच्याशिवाय अल्कोहोलचा चटका वासावर आणि चवीवर बसून राहतो. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय हे छापलं, तेव्हा दारू, साखर आणि कडू अर्कासोबत पाण्याचंही नाव घेतलं होतं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. लिंबू असेल तर हलवा, नुसत्या दारू एकत्र करायच्या असतील तर चमच्याने ढवळा. हलवल्याने हवा शिरून पेय गढूळ होतं, ते टाळणं इतकाच ढवळण्यामागचा हेतू. आणि बर्फाचा ट्रे झाकून ठेवा, कारण फ्रीझरमधल्या सुरमईचा वास बर्फ नक्की धरतो.

चव बर्फ घालण्याआधी घेणार असाल तर ती किंचित जास्त गोड लागली पाहिजे. थंडपणात जिभेला गोडवा कमी जाणवतो.

आंबटाबद्दल मला जरा अधिक सांगायचं आहे. आंबट म्हणजे फक्त लिंबू, आणि ‘खरं’ कॉकटेल करायचं तर परदेशी पिवळं लिंबूच हवं, असं अनेकजण धरून चालतात. आपल्याकडे आंबटाचं किती मोठं भांडार आहे! चिंचेत टार्टारिक आम्ल आहे, द्राक्षात असतं तेच. कैरी आहे, आवळा आहे. आणि कोकम आहे: सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याचं आगळ तर कॉकटेलसाठी रत्नच आहे, कारण ते आंबट असतं तसंच खारटही असतं, आणि चिमूटभर मीठ कडवटपणा दाबून बाकीच्या चवी पुढे आणतं. त्याच खारटपणामुळे मात्र आगळ लिंबाच्या मापाने ओतता येत नाही. लिंबू मुख्य ठेवून आगळ चमचाभरच घालावं.

त्याच्या जोडीला फेणी. उग्र वासामुळे फेणीचं कॉकटेल होऊच शकत नाही, किंवा तो वास गोड सोड्याखाली दाबावाच लागतो, असं म्हणणाऱ्यांनी हुर्राक आठवावा. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक. गोव्यात उन्हाळ्याच्या दिवसांत तो लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. आंबट आणि खारट काजूच्या वासाला कसं उचलून धरतात हे त्या ग्लासाने केव्हाच सिद्ध केलंय. हुर्राकचं पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोव्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. माझं प्रमाण असं: फेणी ४५ मिली, लिंबाचा ताजा रस २०, पाक २०, आगळ ५. भरपूर बर्फावर हलवायचं, गाळून घ्यायचं, वर उभी चिरलेली मिरची. फेणी हाताशी नसेल तर पांढरी रम घ्या, बाकी काही बदलू नका.

हे पेय गोड आणि गार लागतं म्हणून ते ‘हलकं’ आहे असं समजू नका. ४२.८ टक्क्यांच्या ४५ मिलीत साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि बर्फाचं पाणी धरूनही तयार ग्लासात त्याचं प्रमाण बरंच राहतं. म्हणजे बहुतेक वाइनपेक्षा जास्त. वेगवेगळ्या दारू मिसळल्या किंवा क्रम चुकला तर त्रास होतो, ही समजूतही अशीच. जर्मनीत ९० जणांना बिअर आणि वाइन वेगवेगळ्या क्रमाने देऊन केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. क्रमाने दुसऱ्या दिवशीच्या त्रासात फरक पडला नाही. फरक पडतो तो एकूण किती प्यायलं याने. कॉफी किंवा लिंबूपाणी पिऊन अल्कोहोल लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं. आणि थोडी दारू तब्येतीला चांगली, या जुन्या दिलाशालाही आधार उरलेला नाही. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

‘घरी बनवणं’ याचा अर्थ दारू गाळणं असा कधीही घेऊ नका. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही, ते आधी दृष्टी आणि मग जीव घेतं. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. मिसळायचं ते परवानाधारक दुकानातल्या सीलबंद बाटलीतलंच. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा. तो एका दिवसाचाही मिळतो. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं बेकायदा आहे, मग ती एकच का असेना.

न पिणाऱ्याला नुसतं शीतपेय द्यायचं, ही प्रथाही सोडून देण्यासारखी आहे. वरच्याच आराखड्यातून दारू काढा, आगळ, लिंबू आणि पाक तसाच ठेवा, गार सोड्याने ग्लास भरा, मिरची घाला. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटरला ३० मिलीग्रॅम आहे आणि ती एका पेयानेही ओलांडली जाऊ शकते. म्हणून घरी चार माणसं बोलावाल तेव्हा गाडी कोण चालवणार हे आधी विचारा, आणि पहिला ग्लास त्याच्यासाठी बनवा.