कुत्रे मालकाला चिकटून का बसते?

रब्बीच्या दिवसांत रात्रीची वीज असली म्हणजे गव्हाला पाणी देण्यासाठी शेतावर जावे लागते. दारे धरता धरता बांधावर घटकाभर टेकावे, तर सोबत आलेले कुत्रे आपल्या पायाला पाठ लावून बसते. लोटले तरी पुन्हा येते. थंडीमुळे ते असे करते, असे आपण समजतो. ते खरे आहे, पण अर्धेच. वैशाखात मोकळी सावली सोडून तेच कुत्रे आपल्या खाटेखाली येऊन पडते, तेव्हा थंडी कुठे असते?

याचे मूळ पिल्लाच्या जन्मात आहे. जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात आणि पहिले दोन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट टिकवता येत नाही. आईच्या कुशीत, भावंडांच्या अंगाला अंग लावून राहिले तरच ते जगते. अंगाचा स्पर्श म्हणजे सुरक्षितता, ही खूण तेव्हाच पक्की होते. पुढे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानते. या काळात त्याला माणसाचा हात लागला नाही, तर ते पुढे माणसाला बुजते. म्हणूनच शेळ्या-मेंढ्यांच्या राखणीसाठी कुत्रे हवे असेल, तर पिल्लू आईपासून तोडल्यावर कळपाजवळच वाढवावे. घरात लाडावलेले कुत्रे रात्री कळप सोडून ओसरीवर येते, यात त्याचा दोष नाही.

जपानमधील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कुत्रे व मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. गाय पान्हा सोडते ती याच संप्रेरकामुळे. तेव्हा कुत्रे केवळ भाकरीसाठी जवळ येते असे म्हणणे बरोबर नाही. भाकरीसाठीही येते, हे मात्र आपण सर्व जाणतोच!

भीती हे जवळ येण्याचे आणखी एक कारण. दिवाळीत फटाके वाजू लागले किंवा वळवाचा गडगडाट झाला की कुत्रे शेपूट पायांत घालून, धापा टाकत आपल्याला बिलगते. अशा वेळी मारू नये, ओढून बाहेर काढू नये. जवळ बसू द्यावे. कुरवाळल्याने भित्रेपणा वाढतो, हा समज चुकीचा आहे.

आपले कुत्रे रोज किती जवळ येते, कुठे बसते, हे ध्यानात ठेवा. कारण यात अचानक बदल झाला तर ते दुखण्याचे लक्षण असू शकते. नेहमी बिलगणारे कुत्रे कोपऱ्यात, अंधारात जाऊन बसू लागले, किंवा उलट, एरवी दूर राहणारे एकाएकी लगट करून हातपाय चाटू लागले, तर सावध व्हा. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, सुरुवात अशीही होते. पिसाळलेले कुत्रे चावत सुटते एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु काही कुत्री अंगावर न येता नुसती लुळी पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत रोगाचे विषाणू असू शकतात. खुरपणी-कापणीत हाताला चिरा पडलेल्या असतात, त्यावर चाटले तरी लागण होऊ शकते.

संशयित कुत्रे चावले, ओरखडले वा चिरेवर चाटले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याचे काय होते ते पाहत थांबू नये, कारण माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्र्याला पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने न चुकता टोचाव्यात.