मेलबर्नच्या हवेतले पराग
मेलबर्नमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर हे गवताच्या परागांचे दिवस. मोजणीची जुनी रीत अगदी चिकाटीची: गच्चीवरचं यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढतं, कण चिकट पट्टीवर बसतात आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते एकेक मोजतं. घनमीटरला ५० च्या वर गेले की प्रमाण जास्त, १०० च्या वर अतिजास्त. उद्याचा अंदाज बराचसा वाऱ्यावर: उत्तरेचा वारा कुरणांवरून पराग आणतो, दक्षिणेचा समुद्रावरून स्वच्छ हवा.

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं. रायगवताचे पराग ओलाव्याने फुटले आणि त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसांत उतरले. हजारो लोक धापा टाकत रुग्णालयांत पोचले. १० जण दगावले. धाप लागलेल्या कित्येकांना आधी दमा नव्हताच, वसंतात नुसत्या शिंका यायच्या. तिथे २०१७ पासून या हंगामात वादळी दम्याचाही इशारा देतात.