पायाखालचं पैठण

सातवाहनांची राजधानी बघायला पैठणला आलेला माणूस आधी किल्ला शोधतो. किल्ला नाही, राजवाड्याचे खांब नाहीत. गोदावरीच्या उत्तर काठावरचं प्रतिष्ठान, म्हणजे तेव्हाचं पैठण, जुन्या वस्तीच्या पांढरीत गाडलं गेलंय आणि त्याच्या डोक्यावर आजचं गाव नांदतंय. वाटाड्या नसला तरी बिघडत नाही. पायी फिरावं आणि नजर जमिनीवर ठेवावी.

सुरुवात गावातल्या नाथांच्या वाड्यापासून करा. एकनाथांचं हे राहतं घर, आता मंदिर. देवाने श्रीखंड्या होऊन ज्यात पाणी भरलं असं सांगतात, तो रांजण इथेच. बहुतेक भाविक रांजण बघून गाडीत बसतात, आणि खरं पैठण तिथेच हुकतं. वाड्यातून नदीच्या दिशेने चालत निघा. जुन्या वाड्यांच्या लाकडी चौकटींवरची नक्षी बघत चालताना गल्ल्या मधेच चढतात, मधेच उतरतात. दोन हजार वर्षांत घरं पडली, त्यांच्याच मातीवर नवी उठली, आणि गाव असं वर वर चढत गेलं.

नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा सगळ्यांना पाठ असते. तिथे हात जोडून काठच्या टेकाडांकडे वळा. कुठे कड ढासळली असेल तर पाच मिनिटं थांबाच. करड्या मातीत खापरांच्या कडा, राखेचा काळपट पट्टा, भाजक्या विटेचा कोपरा असे थरावर थर दिसतात. शालिवाहनाने मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून लढाई जिंकली, ही दंतकथा या मातीत उभं राहून आठवली की तितकीशी अचाट वाटत नाही.

दंतकथा सोडली तरी पुरावा भक्कम आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचं पैठण आहे; इथून मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात. पुढच्या शतकात टॉलेमीने तर हे पुळुमावी राजाचं ठाणं म्हणूनच नोंदवलं. १९३७ साली हैदराबाद संस्थानाने इथे उत्खनन केलं, पुढेही झालं. पण नांदतं गाव उठवून खणणार कसं? सापडलेले मणी, नाणी आणि मृण्मूर्ती बघायच्या तर बाळासाहेब पाटील संग्रहालयात जावं लागतं. तिथे घाई करू नका.

नाथांची समाधी गावाबाहेर नदीकाठी आहे. तिथून वरच्या अंगाला जायकवाडीची सुमारे दहा किलोमीटर लांब भिंत. या धरणाने मराठवाड्याला पाणी दिलं आणि पैठणच्या पात्राचा रुबाब मात्र घेतला. परतीच्या वाटेवर पैठणीचा एखादा माग बघा. खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी मोर तसाच दिसतो. खरेदी करताना ही खूण लक्षात ठेवा.

पावसानंतर टेकाडावर मणी किंवा खापर दिसलं तर उचलून खिशात घालू नका. ते कुठल्या थरातलं, हे तिथेच कळतं. घरातल्या काचेच्या कपाटात नाही. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. फिरायचंच असेल तर दिवाळीनंतरची एखादी सकाळ निवडा.