चार केसाळ ‘शेपट्यां’चा तो पतंग एलियन नाही, आपल्याकडचाच आहे!

भिंतीवर बसलेला पतंग आणि त्याच्या पोटाच्या टोकातून निघालेल्या चार लांब, केसाळ नळ्या. २०१७ मध्ये इंडोनेशियातून फेसबुकवर आलेला हा व्हिडिओ जगभर फिरला. कुणी त्याला एलियन म्हटलं, कुणी विषारी.

प्रत्यक्षात हा क्रिएटोनोटोस गँगिस नावाचा वाघ-पतंग. १७६३ मध्ये लिनियसने त्याची शास्त्रीय नोंद केली. भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. त्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या भातशेतीच्या गावात पावसाळ्यात अंगणातल्या दिव्यावर तो आला, तर नवल नाही. फिकट तपकिरी पंख, त्यावर काळा पट्टा आणि पंखांखाली लालभडक पोट ही त्याची ओळख. पंख पसरले तर जेमतेम चार सेंटिमीटर.

मग त्या नळ्या कसल्या? त्यांना कोरेमाटा म्हणतात आणि त्या फक्त नराला असतात. एरवी पोटात दुमडलेल्या असतात. अंधार पडला की नर त्या फुगवून बाहेर काढतो आणि मादीला बोलावणारा गंध हवेत सोडतो. थोडक्यात, अत्तराची कुपी! माणसाला त्या चावत नाहीत की डसत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ही कुपी भरते सुरवंट असतानाच. खुळखुळा, भुरुंडी, ओसाडी अशा रानवनस्पतींमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची कडू, यकृताला घातक द्रव्यं असतात. बोप्रे आणि श्नायडर या जर्मन संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं, की सुरवंटाला ही द्रव्यं भरपूर मिळाली तर नराचे कोरेमाटा मोठे होतात, कधी पोटापेक्षाही लांब. मिळालीच नाहीत तर ते खुरटलेले राहतात आणि गंधही तयार होत नाही. म्हणजे व्हिडिओतला तो ‘राक्षस’ लहानपणी चांगलं खाऊन-पिऊन वाढलेला होता, इतकंच.

शेतकऱ्याची बाजूही आहेच. हा सुरवंट भात, भुईमूग, रताळंही खातो, पण त्याची गणना किरकोळ किडींमध्ये होते. बांधावरचं तण सरसकट तणनाशकाने जाळलं तर मात्र त्याच्या अत्तराचा कच्चा माल तिथून जातो.

घरात शिरलाच तर चप्पल उचलू नका. दिवा बंद करून खिडकी उघडी ठेवा, तो बहुधा आपणहून बाहेर जाईल.