उसाची नोंद होते, जखमेची का नाही?



लागण झाली की आपण गट ऑफिस गाठतो आणि उसाची नोंद करतो. तारीख, गट नंबर, क्षेत्र, को ८६०३२ की फुले २६५, आडसाली की सुरू, हे सगळे लिहून घेतल्याशिवाय कोणी माघारी फिरत नाही. कारण तोड त्या तारखेवर ठरते, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक आहे. पुढे काट्यावर वजन होते तेव्हा पावतीवरचा किलोसुद्धा आपण वाचून घेतो. नोंदीचे महत्त्व ऊस उत्पादकाला शिकवावे लागत नाही. पण आपल्याच फडात कोणाच्या हाताला कोयता लागला, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. त्याबद्दल आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी पूर्वी दुसऱ्या एका कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीची थंडी, पहाटेची वेळ. टोळीतल्या एका बाईचा वाढे छाटताना कोयता निसटला आणि डाव्या हाताच्या बोटांवर बसला. कोणीतरी हळद भरली, लुगड्याची चिंधी बांधली. गाडी भरून द्यायची होती, म्हणून बाई मोळ्या बांधायला पुन्हा उभी राहिली. मी बांधावरच होतो. चिटबॉयने स्लिप लिहिली : गाडी नंबर, गट नंबर, वेळ. मीही डायरीत त्या फडाचे अंदाजे टनेज टिपले. बाईच्या हाताबद्दल आम्ही दोघांनीही एक अक्षर लिहिले नाही.

आठ दिवसांत हात सुजला, पू झाला. तालुक्याला नेले. हात वाचला, पण दोन बोटे कायमची ताठ राहिली. हंगाम संपताना तिच्या नवऱ्याने भरपाईचा विषय काढला, तेव्हा विचारणा सुरू झाली. कोणत्या दिवशी लागले? कोणाच्या फडात? त्या दिवशी कोणत्या डॉक्टरला दाखवले? मुकादम म्हणाला सोमवार. नवरा म्हणाला अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. मला विचारले तेव्हा मी डायरी काढली. तिच्यात टनेज होते. भरपाई काही मिळाली नाही. “साहेब, तुम्ही तर तिथंच होता,” एवढेच ती बाई म्हणाली. तेव्हापासून माझ्या डायरीत टनेजच्या शेजारी एक रकाना जादा असतो.

आता कायद्याचे बघू. कारखान्यात अपघात होऊन कोणी दगावला, किंवा जखमेमुळे ४८ तास वा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने सरकारी अधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातला. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ४८ तासांचा नियम तिच्यातही आहे. कामामुळे होणाऱ्या ठराविक रोगांचीही खबर द्यावी लागते. गव्हाण, मिल, बॉयलर या ठिकाणी निदान वही तरी असते. फडात ना वही, ना पेन. भरपाई कोणी द्यायची, कारखान्याने, मुकादमाने की विमा कंपनीने, हा वाद पुढचा. पण तो वाद सुटायलाही हातात कागद लागतो.

भरपाई हा नोंदीचा एक उपयोग झाला. दुसरा त्याहून मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात इंगहॅम नावाचा उसाचा पट्टा आहे. १९३३-३४ च्या सुमारास तेथील ऊसतोड्यांना जोराचा ताप येऊ लागला. अंग ठणके, काहींना कावीळ होई, काही दगावले. एकेक रोगी सुटा पाहिला तर साधा हंगामी ताप वाटावा. पण सगळे एकाच धंद्यातले, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. रक्त तपासले तेव्हा रोग निघाला लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतून ओल्या जमिनीत उतरणारे हे जंतू कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. १९३५ साली तेथील तोडणी कामगारांनी संप केला : आधी फड जाळा, उंदीर जाऊ द्या, मग कोयता लावतो.

आपल्याकडे फड जाळणे परवडणारे नाही. पाचट जाळू नका, असे सांगत मीच शिवारभर फिरतो. म्हणून आपल्याला उंदरांचा बंदोबस्त, पायात बूट आणि जखम झाकणे, हाच मार्ग. आणि एक लक्षात घ्या. हा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी चढतो. तोवर बारीकशी जखम सुकून गेलेली असते आणि कोणाला आठवतही नाही. ती वहीत असेल, तर ‘हा माणूस ओल्या फडात तोडणीला होता, अमुक तारखेला कापले होते’ असे डॉक्टरला सांगता येते.

दुसरे उदाहरण बगॅसचे. ताज्या बगॅसचा त्रास नाही. साठवून बुरसलेल्या बगॅसची धूळ छातीत गेली की काही तासांनी ताप, खोकला आणि धाप लागते. याला बगॅसोसिस म्हणतात. १९४१ साली अमेरिकेतील लुइझियानामध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. पुष्कळदा हा न्यूमोनिया किंवा क्षय समजला जातो. बगॅस यार्डात काम केल्यावर त्रास सुरू झाला आणि सुट्टीत बरे वाटले, एवढी टिपणे ठेवली तरी डॉक्टरचे अर्धे काम होते.

वहीत काय लिहावे?

१. तारीख, वेळ, गट नंबर व सभासदाचे नाव.
२. जखमीचे नाव, गाव, मुकादमाचे नाव.
३. कोणते काम चालू होते, कशाने लागले, शरीराच्या कोणत्या भागाला.
४. औषधोपचार कोणी, कोठे, किती वाजता केला. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा. फवारणीची विषबाधा असेल तर औषधाची बाटली लेबलासकट डॉक्टरला दाखवावी.
५. पाहणाऱ्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे.
६. किती दिवस काम बुडाले.
७. थोडक्यात वाचलेले प्रसंगही : ट्रॉली कलली, साप निघाला, उसावर तार लोंबत होती.

सातवा मुद्दा कोणी सोडू नये. आज कललेली ट्रॉली ज्या वळणावर कलली, त्याच वळणावर उद्या उलटते. दोन-तीन नोंदी एकाच जागेच्या निघाल्या, तर मुरूम टाकायला सांगता येते.

हे सभासदांच्याही फायद्याचे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूस २ लाख रुपये, तर एक डोळा वा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, विषबाधा त्यात येतात. सातबारा तर घरात असतोच. अडते ते पंचनामा आणि दवाखान्याच्या कागदांपाशी.

काही जण म्हणतील, लिहून ठेवले तर आपल्याच अंगाशी येईल. मुकादमाला उचलीची काळजी, मजुराला खाडा पडण्याची, सभासदाला पोलिसाची. ही भीती मी समजू शकतो. पण वही कोणाचा दोष काढायला नाही. लपवलेली जखम चिघळते आणि मग बोभाटा अधिक होतो.

माझी सूचना एवढीच की, येत्या गळीत हंगामात प्रत्येक सभासदाने आपल्या फडावर तोडीच्या दिवशी एक शंभर पानी वही आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. चिटबॉयने स्लिप लिहितानाच “कोणाला लागलं का?” असे विचारावे आणि उत्तर ‘नाही’ असले तरी तेही लिहावे. आपल्या शेतातून किती टन ऊस गेला, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तो तोडताना कोणाला काय झाले, हेही आपल्याला सांगता आले पाहिजे.